सही कोणासमोर आणि कधी? युद्धातून नातलग आणण्यासाठी लागणारे डिक्लरेशन: वाचकांचे प्रश्न

सुदान, गाझा, सीरिया, युक्रेन, अफगाणिस्तान. या भागांतून आपल्या नात्यातली किंवा ओळखीची माणसे आणण्याची खटपट करणाऱ्या वाचकांची पत्रे गेले काही महिने येत आहेत. मराठी घरांतून परदेशी सुना-जावई असण्यात आता नवल राहिलेले नाही. पुण्यात शिकून गेलेल्या सुदानी, अफगाण, येमेनी विद्यार्थ्यांची संख्या पाहता पुढेही असे प्रश्न येणारच. एकाच कागदाभोवती फिरणारे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. हा कागद म्हणजे डिक्लरेशन: नातलगाचा भार उचलण्याची हमी देणारे, कोणासमोर तरी सही करून द्यायचे निवेदन.

प्रश्न : माझे पती सुदानी आहेत. ते पुण्यात शिकायला होते, आमचे लग्नही तिथेच झाले. आता आम्ही ब्रॅम्प्टनला असतो. नणंद ओमदुरमानहून दोन मुलांना घेऊन कैरोला पोहोचली आहे. कॅनडाने २०२४ मध्ये सुदानी नातलगांसाठी जो मार्ग उघडला होता, त्यात आमचा अर्ज आहे. आता इमिग्रेशन खात्याचे पत्र आले आहे की स्टॅट्युटरी डिक्लरेशन ग्राह्य नाही, तीस दिवसांत नवे पाठवा. आधीच्या डिक्लरेशनवर पतींनी घरीच सही केली होती आणि बँकेतल्या ओळखीच्या बाईंनी नंतर शिक्का मारून दिला होता. मध्यंतरी पतींची नोकरी गेली. या वेळी मी सही केली तर चालेल का? वकीलच लागतो का?

उत्तर : तुमची सही चालणार नाही. २७ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या या मार्गात कॅनडातला आधारभूत नातलग हा अर्जदाराचा आई-बाप, आजी-आजोबा, मूल, नातवंड किंवा भावंड असावा लागतो. नणंदेचे भावंड तुमचे पती आहेत. तुम्ही भावजय, म्हणजे या यादीत नाही. नोकरी गेली म्हणून सही करणारा बदलता येत नाही. घरात तुमचा पगार येतो हे स्वतंत्र पत्र, नोकरीचा दाखला आणि बँकेचे उतारे जोडून दाखवा. पतींच्या नोकरीच्या रकान्यात मात्र आजची खरी परिस्थिती लिहा. जुने डिक्लरेशन समोर ठेवून जसेच्या तसे उतरवण्याची चूक इथेच होते. सही ज्या दिवशी होते, त्या दिवसाचे सत्य त्या कागदात असायला हवे.

आधीचे डिक्लरेशन का नाकारले गेले, त्याची दोन कारणे तुमच्या पत्रातच दिसतात.

पहिले कारण म्हणजे घरी केलेली सही. कॅनडा एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम ४१ खाली केलेल्या निवेदनाला शपथेइतके बळ मिळते, ते अधिकारी व्यक्तीसमोर 'हे खरे आहे' असे सांगून तिच्या देखत सही केल्यामुळे. शिक्का मारणारी व्यक्ती मजकूर खरा असल्याची ग्वाही देत नाही. अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याने निवेदन केले आणि सही केली, एवढेच ती सांगते. समोर न झालेली सही समोर झाली असे लिहून देणे हा कॅनडाच्या फौजदारी संहितेत कलम १३८ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून सही आधीच करून नेलेला कागद पाहिला की चांगला नोटरी तो परत करतो. त्याला आडमुठा समजू नका. पुन्हा कोरा नमुना छापून घेऊन जा.

दुसरे कारण शिक्का मारणाऱ्या बाईंच्या अधिकारात असावे. तुमच्या ओंटारिओ प्रांतात वकील आणि परवानाधारक पॅरालीगल (मर्यादित कायदेशीर कामे करणारे) हे पदसिद्ध कमिशनर, म्हणजे असे निवेदन आपल्यासमोर करून घेण्याचा अधिकार असलेले, असतात. याशिवाय सरकारने नेमलेले कमिशनर असतात आणि त्यांच्या शिक्क्यावर अधिकाराची मुदत व मर्यादा लिहिलेली असते. बँका, विमा कंपन्या, मोटारविक्रेते यांच्याकडच्या कर्मचाऱ्यांची नेमणूक बहुधा त्या संस्थेच्या कामापुरतीच असते. तुमचे डिक्लरेशन हे बँकेचे काम नव्हे. जुना शिक्का भिंगाखाली धरून वाचा, मर्यादेची ओळ तिथे सापडण्याची शक्यता आहे.

वकील लागतोच असे नाही. या कामाला कमिशनर पुरतो. नगरपालिकेच्या क्लार्कचे कार्यालय ठरावीक शुल्क घेऊन हे काम करते, प्रांतिक आमदारांच्या काही मतदारसंघ कार्यालयांत ते मोफतही होते. नोटरीची गरज पडते ती मूळ कागदावरून प्रत खरी असल्याचे प्रमाणित करायचे असेल तेव्हा किंवा कागद देशाबाहेर वापरायचा असेल तेव्हा. शुल्क सहीमागे आहे, कागदामागे की जोडपत्रांमागे, हे फोनवरच विचारा. पाच जोडपत्रांचे वेगळे पैसे लागल्याचे कळते ते अनेकदा टेबलाशी बसल्यावर.

आता प्रत्यक्ष कृती. नमुना संगणकावर भरा, सगळी पाने एकाच वेळी, एकाच बाजूला छापा. नणंद आणि दोन्ही मुले यांची प्रत्येकी पूर्ण नावे, जन्मतारखा, पतींशी नाते, सध्याचा पत्ता आणि फोन लिहा. मुलांना 'सोबतची दोन मुले' असे गुंडाळू नका. नाव नसलेले मूल डिक्लरेशनमध्ये नाहीच, असे धरले जाते. जागा उरली तर त्यावर तिरकी रेघ मारा. रकाना लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, कोरा ठेवू नका. सही आणि तारीख मात्र भरू नका. सोबत पतींचा पासपोर्ट किंवा छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र आणि नागरिकत्वाचा किंवा कायम वास्तव्याचा (पीआर) पुरावा मूळ स्वरूपात न्या. ओळखपत्राची मुदत संपलेली असेल तर दारातूनच परत फिरावे लागते.

टेबलाशी बसल्यावर पतींनी कागद वाचलेला असावा. कमिशनर विचारेल की हे तुमचे निवेदन आहे का, यातले खरे आहे का, आणि याला शपथेइतकेच बळ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. तोंडाने 'होय' म्हणायचे, नुसती मान डोलवायची नाही. मग सही. एखादे अक्षर चुकले तर खाडाखोड न करता एका रेघेने ते कापा, वर बरोबर अक्षर लिहा आणि शेजारी दोघांनीही आद्याक्षरे करा. व्हाइटनर लावलेला कागद फुकट जातो. प्रत्येक पानावर दोघांची आद्याक्षरे घ्या. नमुन्यात तशी जागा नसली तरी मागून पान बदलल्याची शंका त्याने मिटते. जोडपत्रे असतील तर प्रत्येकावर 'एक्झिबिट ए', 'एक्झिबिट बी' असा वेगळा शेरा हवा. निवेदनात 'सोबत जोडले आहे' म्हटले आणि जोडपत्रावर शेरा नसला, तर ते जोडपत्र डिक्लरेशनचा भाग ठरत नाही.

उठण्याआधी शेवटचा चौकोन स्वतः वाचा. शहर, प्रांत, दिवस, महिना, वर्ष, अधिकाऱ्याची सही, छापील नाव, पद आणि नेमणुकीची मुदत असल्यास ती. यातले वर्ष किंवा शहर राहून जाण्याचे प्रकार सर्रास होतात आणि त्यावर कागद परत येतो. दोष कमिशनरचा असला तरी तीस दिवस तुमचे जातात.

आणखी एक बारकी गोष्ट. नोटरीची उठावाची मोहोर, म्हणजे शाई नसलेला दाबशिक्का, स्कॅनमध्ये उमटत नाही. संगणकावर पाहणाऱ्याला तिथे कोरा कागद दिसतो. शाईचा शिक्काही मागा. तो नसेल तर उठावावरून पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा म्हणजे अक्षरे दिसतील. स्कॅन रंगीत, ३०० डीपीआय, सगळी पाने एकाच पीडीएफमध्ये. फोनने फोटो काढलात तर पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. मूळ कागद जपून ठेवा, तो पुढे मागितला जाऊ शकतो.

मुदत पत्राच्या तारखेपासून मोजा, पत्र उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. जमणार नसेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी वाढ मागा आणि कारण द्या. संपल्यानंतर मागितलेली वाढ ही विनवणी असते, ती मान्य करण्याचे बंधन कोणावर नाही.

प्रश्न : माझ्या सुदानी मेव्हण्याचे नाव पासपोर्टवर चार शब्दांचे आहे, शाळेच्या दाखल्यावर तीन शब्दांचे, आणि त्याच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या कॅनडातल्या कागदांवर आडनाव वेगळेच. डिक्लरेशनमध्ये काय लिहायचे? (मिसिसागा)

उत्तर : सुदानी नाव म्हणजे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आजोबांचे आणि बहुधा पणजोबांचे. आपल्या अर्थाने आडनाव त्यात नाही. लग्नानंतर बाईचे नावही बदलत नाही. मग परदेशी फॉर्मने आडनाव मागितले की कोणी आजोबांचे नाव घालतो, कोणी पणजोबांचे, आणि सख्ख्या भावंडांची आडनावे वेगळी पडतात. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे आणि आडनाव शेवटी असते, त्यामुळे यातला घोळ मराठी माणसाला लगेच लक्षात येत नाही.

उपाय सोपा आहे. डिक्लरेशनमध्ये मुख्य नाव पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्राने वाचायच्या ओळीतल्या स्पेलिंगनेच लिहा. मग 'अमुक कागदावर अमुक नावानेही ओळखला जातो' अशी ओळ घाला आणि प्रत्येक वेगळे स्पेलिंग कोणत्या कागदावर आहे तेही सांगा. एका मोहम्मदची इंग्रजीत चार स्पेलिंगे होतात. ती तुम्ही आधीच सांगितलीत तर तो खुलासा ठरतो. अधिकाऱ्याने शोधली तर विसंगती ठरते. शेवटी दोन्ही भावंडांची वडील-आजोबा-पणजोबांची साखळी एकाखाली एक लिहून द्या. एकाच साखळीची दोन टोके आहेत, हे त्यातून आपोआप दिसते.

जन्मतारखेचेही असेच. १ जानेवारी ही तारीख दिसली की अनेकदा वर्षच तेवढे माहीत होते असे समजावे. खरी तारीख नंतर कळली असली तरी डिक्लरेशनमध्ये पासपोर्टचीच ठेवा आणि फरक वेगळ्या वाक्यात सांगा.

प्रश्न : जन्मदाखले खार्टूमच्या घरातच राहिले. नाते सिद्ध कसे करायचे? डिक्लरेशन पुरेसे होईल का? (ओकव्हिल)

उत्तर : एकटे डिक्लरेशन पुरत नाही. ते मूळ पुराव्याची जागा भरून काढत नाही, मूळ पुरावा का नाही आणि त्याऐवजी काय देत आहोत हे सांगते. पण तुमच्याकडे आहे असे तुम्हाला वाटते त्याहून जास्त पुरावा बहुधा खात्याकडेच पडलेला असतो. कॅनडात येताना तुमच्या घरातल्या सुदानी व्यक्तीने कुटुंबाच्या माहितीचा आयएमएम ५४०६ फॉर्म भरला असेल. त्यात सगळी भावंडे लिहायची असतात. अधिकारी आज तोच जुना फॉर्म काढून आजच्या डिक्लरेशनशी ताडून पाहतो. त्यात भाऊ लिहिला असेल तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, काही मिळवण्याचा हेतू नसताना दिलेला पुरावा हाताशी आला. लिहिला नसेल तर का नाही, ते डिक्लरेशनमध्येच सांगा. जुन्या फाइलची प्रत प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली शुल्क न भरता मागता येते. कायद्याने उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून आज अर्ज करा.

याशिवाय शाळेचे दाखले, जुने पासपोर्ट, पैसे पाठवल्याच्या पावत्या, इजिप्तमध्ये नोंद झाली असल्यास संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे कार्ड द्या. तिथे पिवळे कार्ड आश्रय मागणाऱ्याचे असते आणि निळे निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्याचे. दोन्ही एकच आहेत असे डिक्लरेशनमध्ये लिहू नका.

अरबी कागदांचे भाषांतर घरच्याने करायचे नाही, त्याची अरबी कितीही उत्तम असली तरी. अधिकृत संस्थेचा प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याने स्वतःचे वेगळे शपथपत्र कमिशनरसमोर करावे लागते. भाषांतर, ज्यावरून केले त्या कागदाची प्रत आणि हे शपथपत्र, तिन्ही एकत्र लावा.

डीएनए चाचणी शेवटी. ती खात्याने सुचवल्यावर, स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ कॅनडाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करायची. आई-मुलाच्या बाबतीत तिचा निकाल ठाम असतो, भावंडांच्या बाबतीत तितका नसतो. घरबसल्या मागवलेल्या किटचा इथे उपयोग नाही.

प्रश्न : सही करणार आहेत माझ्या सासूबाई. त्यांना फक्त अरबी येते, गुडघ्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. व्हिडिओवर चालेल का? (हॅमिल्टन)

उत्तर : ओंटारिओत चालते. १ ऑगस्ट २०२० पासून ओ. रेग. ४३१/२० या नियमाखाली दूरस्थ पद्धतीने निवेदन करता येते. व्हिडिओ आणि आवाज दोन्ही त्याच क्षणी सुरू हवेत, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरावे लागते आणि सही करताना कागद व हात दोन्ही दिसले पाहिजेत. शेवटच्या चौकोनाचा मजकूर मात्र बदलावा लागतो. सासूबाई कुठल्या शहरात होत्या, कमिशनर कुठल्या शहरात होता आणि निवेदन त्या नियमानुसार दूरस्थ झाले, हे तिथे यायला हवे. छापील 'माझ्यासमोर' तसेच ठेवले तर मजकूर खोटा ठरतो. प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे आहेत, ओंटारिओबाहेरच्या वाचकांनी हे गृहीत धरू नये.

भाषेची बाजू यापेक्षा नाजूक आहे. दुभाषाने आधी स्वतः शपथ घ्यायची, मग पूर्ण निवेदन सासूबाईंना अरबीत वाचून दाखवायचे आणि चौकोनात त्याचा उल्लेख यायचा. दुभाषा तुम्ही किंवा तुमचे पती होऊ नका. 'सुनेने सांगितले तिथे सही केली' असे उद्या सासूबाईंच्या तोंडून मुलाखतीत निघाले की सगळे मुसळ केरात. थोडे पैसे खर्च करून बाहेरचा दुभाषा घ्या.

प्रश्न : आता सुदान किंवा गाझातून नव्याने कोणाला आणता येईल का? एजंट म्हणतो 'डिक्लरेशन नोटरी करून ठेवा, बाकी मी बघतो'. (कॅलगरी)

उत्तर : त्या एजंटला पैसे देऊ नका. गाझातील नातलगांसाठीचा तात्पुरत्या व्हिसाचा मार्ग ९ जानेवारी २०२४ ला १,००० अर्जांच्या मर्यादेने उघडला, ती मर्यादा पुढे ५,००० केली गेली. सुदानचा मार्ग ३,२५० अर्जांचा होता. दोन्हींच्या मर्यादा भरल्या. कोणत्याही खुल्या मार्गाचा नमुना नसताना आज नोटरी करून ठेवलेले डिक्लरेशन पुढच्या मार्गात चालणार नाही. प्रत्येक मार्गाचा नमुना वेगळा असतो, त्यातली वचने वेगळी असतात आणि जुनी तारीख पाहून अधिकारी नवा कागद मागतोच.

नेहमीचे मार्ग आहेत, पण नाते पाहून, आणि आई-वडिलांचा मार्ग नव्या अर्जांना कायम खुला नसतो. जोडीदारासाठी ३ वर्षांची हमी, आई-वडिलांसाठी क्वेबेकबाहेर २० वर्षांची. हे हमीचे फॉर्म नोटरी करावे लागत नाहीत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. आई-वडील किंवा आजी-आजोबा असतील तर सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. त्याला मुलाचे वा नातवंडाचे सही केलेले हमीपत्र, कुटुंबाच्या संख्येनुसार किमान उत्पन्न आणि किमान १ लाख डॉलरचा, किमान एक वर्षाचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याचे नुसते कोटेशन चालत नाही, पैसे भरलेले दिसावे लागतात. उत्पन्न मोजताना कुटुंबाच्या संख्येत येणारी माणसेही धरायची. तिथे एक-दोनचा फरक पडला की अर्ज पडतो.

भाऊ-बहिणीसाठी साधा पर्यटक व्हिसा मागितला तर अडचण हमीची नसतेच. युद्ध चालू असलेल्या देशात हा माणूस परत जाईल का, हा अधिकाऱ्याचा प्रश्न असतो आणि नोटरीचा शिक्का त्याचे उत्तर देत नाही. काही व्हिसा कार्यालये निमंत्रणपत्र नोटरी केलेले मागतात, तिथे ते करावे. न मागता केले म्हणून वजन वाढत नाही.

प्रश्न : एडिसनला राहतो. बायको युक्रेनची, आता अमेरिकन नागरिक. तिच्या आईसाठी आय-८६४, म्हणजे खर्चाच्या हमीचा फॉर्म, भरतोय. यूपीएसच्या दुकानातून नोटरी करून घेऊ का?

उत्तर : नको. आय-८६४ ला नोटरी लागत नाही. फॉर्मवरच 'खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र' असे मान्य करून सही होते आणि अमेरिकेच्या संघीय कायद्यात तेवढ्याने शपथेचे काम भागते. लक्ष सहीकडे द्या. ती शाईची, स्वतःच्या हातची हवी, नाव टाइप केलेले किंवा शिक्क्याची सही नको. अर्ज तुमच्या पत्नीचा, म्हणून प्रायोजकही त्याच. तुमचे उत्पन्न मोजायचे असेल तर तुमचा आय-८६४ए, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कमावत्याच्या हमीचा फॉर्म, वेगळा. संघीय दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. ही जबाबदारी सासूबाई नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत टिकते. त्या कायमच्या देश सोडून गेल्या तरी ती संपते. तुम्हा दोघांचे पटले नाही म्हणून ती संपत नाही.

प्रश्न : म्युनिकला नोकरी करतो. सीरियन सहकाऱ्याचा पगार कमी पडतो, म्हणून त्याच्या आई-वडिलांसाठी मी हमीपत्रावर सही करावी अशी त्याची विनंती आहे. नोटरीचा खर्च तो देईल म्हणतो. एक औपचारिकता आहे, असेही म्हणतो.

उत्तर : नोटरीचा खर्च नाहीच, कारण जर्मनीत हे नोटरीचे काम नव्हे. फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे हे हमीपत्र, तुमच्या राहत्या भागातल्या परदेशी नागरिक कार्यालयात, अधिकाऱ्यासमोर, सुरक्षा कागदावर छापलेल्या सरकारी नमुन्यावर करायचे असते. शुल्क २९ युरो. पासपोर्ट, रहिवास परवाना, सहसा शेवटच्या तीन पगारपावत्या, नोकरीचा करार आणि घरभाड्याचा पुरावा न्यावा लागतो. हातात मिळणारा मूळ कागद अर्जदाराकडे दूतावासात सादर करायला पाठवावा लागतो. तो वाटेत हरवला तर पुन्हा सगळे आले. युद्धग्रस्त देशात कुरिअर अनेकदा जात नाही, म्हणून बहुधा तो शेजारच्या देशातल्या पत्त्यावर पाठवतात.

आता 'औपचारिकता' या शब्दाबद्दल. रहिवास कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे ही हमी ५ वर्षांची आहे. राहणे, खाणे, घर, आणि आजारपणातली काळजी यांवर सरकारने केलेला खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. मधल्या काळात त्या आई-वडिलांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तरी हमी संपत नाही. सीरियन कुटुंबांसाठी राज्यांच्या कार्यक्रमांत सह्या केलेल्या अनेक प्रायोजकांना मान्यतेनंतर आपण मोकळे झालो असे वाटले होते. २६ जानेवारी २०१७ ला लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ते नाकारले. कायद्यातही आज तसे स्पष्ट लिहिले आहे. तुमची नोकरी गेली किंवा सहकाऱ्याशी बिनसले तर सही मागे घेता येत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. वयस्कर माणसांचा आजारपणाचा खर्च हा यातला खरा धोका आहे. नमुन्यावर किंवा राज्याच्या आदेशात आजारपणाचा खर्च वगळला आहे का, आणि आरोग्य विमा कोण, कोणत्या कंपनीत, केवढ्याला उतरवणार, हे लेखी कळेपर्यंत सही करू नका. सहकाऱ्याने तुम्हाला भरपाई देण्याचा खासगी करार केला तरी सरकार तो विचारात घेत नाही, ते तुमच्याच दाराशी येते. नाही म्हणणे अवघड वाटेल. पण होय म्हणायचेच असेल तर पाच वर्षांचा हिशेब मांडून म्हणा.

प्रश्न : माझा भाऊ टोरंटोला असतो. वहिनी अफगाण आहेत, त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात शिकतो. वहिनींच्या फाइलसाठी त्याने नातेसंबंधाचे शपथपत्र पुण्यातून पाठवायचे आहे. मी शंभराचा स्टॅम्प पेपर आणून ठेवला आहे. अ‍ॅपोस्टिलही लागते असे दुकानदार म्हणाला. (कोथरूड)

उत्तर : शंभराचा कागद आता पुरत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शपथपत्राचे मुद्रांक शुल्क १०० ऐवजी ५०० रुपये आहे. शासकीय कार्यालयांतून दाखले काढण्यासाठीच्या शपथपत्रांना सूट दिली गेली, पण तुमचे शपथपत्र त्यात मोडत नाही. मुद्रांक त्या मुलाच्या नावाने घ्या, तुमच्या नावाने नको. मुद्रांक खरेदीची तारीख शपथपत्राच्या तारखेआधीची किंवा त्याच दिवसाची हवी. खरेदीनंतर सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक महाराष्ट्रात बाद होतो, म्हणून कपाटात जपलेला जुना कागद काढू नका.

मजकूर थेट इंग्रजीत करा, भाषांतराचा फेरा वाचतो. आपले नाव, वडिलांचे व आजोबांचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, भारतातला पत्ता, बहिणीचे नाव तिच्या कॅनडाच्या कागदावर आहे तसे, आणि नाते कशावरून माहीत आहे ते. 'माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे' एवढे मोघम वाक्य नको. आई-वडील एकच आहेत, एका घरात अमुक वर्षापर्यंत राहिलो, अशी विधाने हवीत. मुलगा मूळ पासपोर्ट आणि भारतातला रहिवास परवाना घेऊन स्वतः नोटरीसमोर गेला पाहिजे. तुम्ही त्याच्या वतीने कागद घेऊन जाण्यात अर्थ नाही. नोटरीच्या रजिस्टरमध्येही त्याची सही होते आणि त्या नोंदीचा क्रमांक शपथपत्रावर येतो. क्रमांक नसलेला, नुसता गोल शिक्का असलेला कागद घेऊन उठू नका. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला प्रत्येक जण नोटरी नसतो, बरेच जण टंकलेखक असतात. शिक्क्यावर नाव, नोंदणी क्रमांक, क्षेत्र आणि मुदत पाहा.

अ‍ॅपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून सरकार लावते ते प्रमाणपत्र, बहुतेक वेळा लागणार नाही. भारत २००५ पासून आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून त्याविषयीच्या हेग करारात असल्याने ते करता येते, पण कॅनडाचे इमिग्रेशन खाते अशा शपथपत्राला ते सरसकट मागत नाही. वहिनींना आलेल्या पत्रात तो शब्द असेल तरच करा. त्यासाठी नोटरीनंतर राज्य शासनाचे प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम आहे. मंत्रालयाचे शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, बाकी आकार कागद स्वीकारणाऱ्या एजन्सीचा. दुकानदाराने हजारांत आकडा सांगितला तर त्यातले मंत्रालयाचे किती, हे विचारा.